तीन वाट्यांचं वाकडं

माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकच काम माझ्या हातून अगदी बिनचूक झालं, आणि त्या एका कामाने आमचा विभाग बुडायची वेळ आणली. चुकांनी मात्र मला नेहमीच सांभाळून घेतलं. त्यामुळे ‘तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी तुमच्या कामाबद्दल लिहा’ असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना सांगितलं की प्रेरणा दुसऱ्या कुणाकडे मागा. माझ्याकडे वाट्या आहेत.

खरोखरच्या वाट्या. चटणीची वाटी असते तेवढ्या, निकेलच्या मिश्रधातूच्या, आरशासारख्या घासलेल्या. नांदेडकडच्या आमच्या पाहुण्यांत अजून पुष्कळांची समजूत आहे की सोनकांबळ्यांचा थोरला हैदराबादेत भांड्यांच्या कारखान्यात होता. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, “स्टीलच्या का पितळेच्या?” नवीन नोकरीच्या तोऱ्यात मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून ते माझ्या वडिलांकडे वळले आणि म्हणाले, “सरकारी आहे ना, मग वाट्या का असेनात.” लग्न ठरलं.

तुम्हालाही समजावतो, पण थोडक्यात. घरात काशाची वाटी असेल तर ती तळहातावर ठेवा आणि काठावर चमच्याने हलकेच टिचकी मारा. ती गाते. गाते म्हणजे काय करते, तर तिचा गोल काठ क्षणभर लांबट होतो, पुन्हा गोल होतो, मग आडवा लांबट होतो, असं सेकंदाला काही हजार वेळा. डोळ्यांना दिसत नाही. काठावरच्या चार जागा जोरात हलत असतात आणि त्यांच्या मधल्या चार जागा गप्प असतात. आता गंमत बघा. वाटी गात असताना ती जागच्या जागी फिरवली, तर त्या गप्प जागा वाटीबरोबर पुऱ्या फिरत नाहीत. जरा मागे रेंगाळतात. किती रेंगाळल्या ते विजेच्या साहाय्याने मोजलं, की वाटी किती वळली ते कळतं. अंधारात, जमिनीखाली, समुद्रावर, कुठेही. खोल बोअरमध्ये सोडलेलं यंत्र कुठे वळलं, डोलत्या जहाजावरची तबकडी किती कलली, हे सांगायचं काम आमच्या वाटीचं. तिला गात ठेवायला एक छोटं विजेचं मंडळ असायचं. ती थांबली तर काम थांबलं.

पण वस्तू काही एकाच दिशेने वळत नाही. पुढे झुकते, कुशीवर कलते, गिरकी घेते. म्हणून तीन वाट्या लागतात, एकमेकींशी काटकोनात, एकाच धातूच्या ठोकळ्यात बसवलेल्या. त्या ठोकळ्याला आम्ही ‘घर’ म्हणायचो. एका घरात तिघी, आणि तिघींनाही सतत गायचं. भांडण कुठे सुरू होणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

आमचा विभाग म्हणजे पाचसहा माणसं. प्रमुख रावगारू (गारू म्हणजे तेलुगूतलं ‘जी’), उंच, सावळे, फार न बोलणारे. कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर “चूद्दाम”, म्हणजे बघू या. कारखान्याला आग लागली असती तरी ते आधी “चूद्दाम” म्हणाले असते आणि मग पाण्याची बादली शोधली असती. त्यांच्यानंतर मी. आणि माझ्यानंतर, फक्त हुद्द्याने, पद्मावतीगारू. ह्या मूळच्या आदिलाबादच्या. शाळेत शेजारच्या बाकावर मराठी मुली, त्यामुळे मराठी झकास बोलायच्या आणि माझी खिल्ली खास मराठीतच उडवायच्या. रावगारूंना कळू नये एवढा मान त्या मला द्यायच्या.

माझी योग्यता त्यांना पहिल्याच वर्षी कळली होती. एका वाटीच्या मोजमापात रोज सकाळी ठरावीक वेळी थरथर यायची. मी तिच्यावर तापमानाचा एक मोठा सिद्धांत मांडला. सूर्य वर येतो, पूर्वेची भिंत तापते, भिंत फुगते, टेबल कलतं. आलेखही काढले, रंगीत. रावगारू “चूद्दाम” म्हणाले. पद्मावतीगारूंनी आलेख बघितले, भिंतीला तळहात लावला आणि विचारलं, “सर, भिंतीच्या पलीकडे काय आहे?”

“कॅन्टीन.”

“ह्या वेळेला तिथे डोशाचं पीठ वाटतात.”

ग्राइंडर भिंतीला टेकून ठेवला होता. तो सुरू झाला की टेबल त्याच्या ठेक्यावर थरथरायचं आणि वाटी त्या थरथरीला वळण समजायची. आम्ही कॅन्टीनवाल्याला सांगून ग्राइंडर पलीकडच्या भिंतीला हलवला. पूर्वेची भिंत त्यानंतर कधी फुगली नाही. माझे आलेख पद्मावतीगारूंनी जपून ठेवले होते, कारण त्यांच्या मते रंगसंगती चांगली होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

राज्याची वाटणी झाली त्या वर्षांतली ही हकिगत. तेलंगण वेगळं झालं आणि शहरात ज्याला त्याला कुणीतरी वाटायला बसलं होतं. इमारती, गाड्या, कपाटं, फायली आणि माणसं. पद्मावतीगारूंचे यजमान श्रीनिवास राज्याच्या सिंचन खात्यात होते. ते कुठल्या राज्याच्या वाट्याला जातील, ते ठरायचं होतं. त्याच सुमारास दिल्लीच्या कुणालातरी वाटलं की आमच्या कंपनीचीही पुनर्रचना करावी. सारखं काम करणारे विभाग एकत्र करायचे, असा ठराव झाला. बेंगळुरूच्या आमच्या शाखेत वळणं मोजणारी दुसऱ्या जातीची यंत्रं व्हायची. म्हणजे आम्ही तिकडे जाणार, हे जवळपास नक्की.

नल्लकुंट्याच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बायकोने, सुशीलाने, हे ऐकून एवढंच म्हटलं, “अहो, तुमचं सामान कुठल्या बॅगेत भरू ते सांगा. माझं इथेच राहील.” बरकतपुऱ्यातलं घर, शाळा आणि शेजारीण सोडून ती कुठे जाणार नव्हती. माझं म्हणजे फार तर जेवणाचे हाल झाले असते. पद्मावतीगारूंचं तसं नव्हतं.

त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. “सर, श्रीनिवासने अर्ज केला आहे. बायको हैदराबादेत नोकरीला आहे, म्हणून मला इथेच ठेवा, असा. पण बायकोच बेंगळुरूला गेली तर त्या अर्जात राहिलं काय? तो आंध्रात विजयवाड्याला, मी बेंगळुरूला, आणि मुली आजीजवळ हैदराबादला. सरकारने राज्याचे दोनच तुकडे केले. आमच्या घराचे तीन.”

मी काहीतरी विनोद करणार होतो, पण त्याऐवजी लोणच्याची फोड तोंडात टाकली.

पुनर्रचनेबरोबर आणखी दोन गोष्टी आल्या. एक नवं लेथ यंत्र आणि एक परिपत्रक. परिपत्रकात ‘एकसारखेपणा’ हा शब्द इतक्या वेळा होता की वाचताना उचकी लागावी तसं व्हायचं. सगळी उत्पादनं एकसारखी करा. ज्या विभागाचं काम सर्वांत एकसारखं, त्या विभागाचा पुनर्रचना समिती अनुकूल विचार करील.

इथे मला माझी कला दाखवायची संधी मिळाली. आमच्या जुन्या लेथवर वाट्या व्हायच्या त्या प्रत्येक वेगळ्या स्वभावाच्या. एकीचा सूर जरा खाली, एकीचा वर. मला ते कायम खटकायचं. शिवाय ह्या धंद्यात एक नियम आहे. एकाच वाटीच्या काठाची उभी आणि आडवी अशी दोन्ही कंपनं एका सुरात असावी लागतात, नाही तर ती वळण नीट सांगत नाही. त्यासाठी काठावरून केसाएवढा धातू इथून तिथून खरवडायचा. ते काम माझं, आणि हात माझा खरंच बरा होता. मी विचार केला, एका वाटीत एकमत चांगलं, तर तिघींत एकमत किती चांगलं.

आणि मी ते केलं. नव्या लेथवरच्या वाट्या घेतल्या, भिंग लावून खरवडल्या, तपासल्या, पुन्हा खरवडल्या. शेवटी तीन वाट्या अशा जमल्या की यंत्रालाही फरक सापडेना. मी त्या घरात बसवल्या आणि समितीच्या पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी रावगारूंना बोलावून म्हटलं, “सार, जगात एवढ्या एकसारख्या तीन वाट्या कुठे नसतील.” ते एरवी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत. त्या दिवशी ठेवला. मला अजून आठवतंय, कारण तो त्यांना लवकरच काढून घ्यावा लागला.

समिती आली. अध्यक्ष हिशेब खात्यातून वर चढलेले, पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांच्याबरोबर कार्मिक विभागाच्या एक बाई. मी ठोकळा टेबलावर ठेवला. टेबल ग्रॅनाइटचं, ठोकळा स्थिर, खोलीत पंखाही बंद. पडद्यावर तीन सरळ रेघा दिसायला हव्या होत्या.

रेघा डुलत होत्या. सावकाश, लयीत, पाळणा हलावा तशा.

“ही वस्तू हलते आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही सर.”

“मग ही म्हणते आहे की हलते आहे.”

“हो सर.”

“मग खरं कोण बोलतंय?”

रावगारूंनी खिडकीबाहेर पाहिलं. कार्मिक विभागाच्या बाईंनी काहीतरी लिहिलं आणि ते काय असेल ते मला न वाचताच कळलं. अध्यक्ष भले होते. बेंगळुरूच्या शाखेची भेट आटोपून ते परत येणार होते, तेव्हा पुन्हा दाखवा म्हणाले. म्हणजे आम्हाला श्वास घ्यायला थोडे दिवस मिळाले. त्यानंतर निकाल.

ते गेल्यावर मी तापमानाचा विषय काढणार होतो. पद्मावतीगारूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यांनी एका वाटीचं मंडळ बंद केलं. बाकी दोन रेघा थोड्या कमी डुलल्या. दुसरीचं बंद केलं. उरलेली रेघ सुतासारखी सरळ झाली.

“एकटी आहे तोवर शहाणी आहे,” त्या म्हणाल्या. “सर, ह्या तिघी एकमेकींचं ऐकतायत.”

तेच होतं. एका घरात एकाच सुराच्या तिघी. पहिलीचं कंपन ठोकळ्यातून दुसरीपर्यंत पोचायचं आणि सूर तंतोतंत आपलाच असल्यामुळे दुसरी त्याला आपलंच समजून त्याच्याबरोबर वाहत जायची. यंत्राला न सापडणारा इवलासा फरक तिघींत होताच, त्याच्यामुळे कधी त्या एकमेकींना उचलून धरायच्या, कधी दाबायच्या. तो चढउतार म्हणजे आमचा पाळणा. जुन्या लेथच्या वाट्या कधी अशा डुलल्या नव्हत्या, कारण त्यांचं आपसात जमतच नव्हतं. इतकी वर्षं त्या लेथच्या ढिलाईने आमची अब्रू राखली होती आणि मी भिंग लावून ती घालवली होती.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना आधी आडनाव विचारतात. भावकीतलं निघालं तर चहा पिऊन उठतात. वाट्यांच्या बाबतीत मी नेमकी एका भावकीतली तीन माणसं गोळा केली होती. हे मी पद्मावतीगारूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्याकडे मामाशी लग्न चालतं सर, ही उपमा रावगारूंना सांगू नका.”

मग सुरू झालं वाट्यांचं आपसात वाकडं आणण्याचं काम. पहिली तशीच ठेवली. दुसरीचा सूर काठ खरवडून वर नेला, तिसरीचा त्याहून वर. मला शिस्त प्यारी, म्हणून मी शिडीच्या पायऱ्यांसारखी समान अंतरं ठेवली. पाळणा थांबला. पण रेघांना एक बारीक कुरकुर राहिली.

“आता काय झालं ह्यांना?” मी म्हटलं. “वेगवेगळ्या तर केल्या.”

“अंतरं कुणी सारखी ठेवली?”

“मी.”

“कशाला?”

“नीटनेटकं दिसतं.”

त्यांनी कपाळाला हात लावला नाही, एवढं मोठं मन. पहिली-दुसरीत जेवढं अंतर तेवढंच दुसरी-तिसरीत असलं, की पहिल्या दोघींच्या मिसळण्यातून जो उपसूर निघतो तो नेमका तिसरीच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे मागच्या दाराने पुन्हा तीच भावकी. अंतरंसुद्धा असमान हवीत. मग मी तिसरी वाटी मनाविरुद्ध वेडीवाकडी वर नेली. प्रत्येकीच्या पायाखाली मऊ रबराची चकती घातली, म्हणजे एकीचं गाणं ठोकळ्यात उतरू नये. ठोकळ्याचं झाकण, स्क्रू, खालची पाटी, सगळ्यांना टिचक्या मारून त्यांचे स्वतःचे सूर कुठे आहेत ते पाहिलं, आणि जे कुठल्या वाटीच्या जवळ निघाले ते जाड केले नाही तर बदलले. ह्या कामात आनंद होता हे सांगायला मला लाज वाटत नाही. आयुष्यभर नीट जुळवण्याचा पगार घेतलेला माणूस आता न जुळवण्यात रमला होता. पद्मावतीगारू सूर मोजायच्या, मी खरवडायचो, आणि रेघ जराही हलली की त्या खुर्चीतूनच “मामा” एवढंच म्हणायच्या.

रेघा सरळ झाल्या. पण प्रश्न उरला होता. एकसारखेपणाचं परिपत्रक काढणाऱ्या समितीला ‘आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या केल्या’ हे पटवायचं कसं? पद्मावतीगारूंनी त्या आठवड्यात कामाशिवाय दुसरं काही बोलणं सोडलं होतं. श्रीनिवासच्या अर्जाला खात्याकडून प्रश्न आला होता, की पत्नीची हैदराबादेतली नेमणूक कायम आहे काय. त्याचं उत्तर आमच्या ठोकळ्यावर अवलंबून.

मला एक कल्पना सुचली. समितीला काशाच्या वाट्या वाजवून दाखवायच्या. एका सुराच्या दोन वाट्या पातळ लाकडी ट्रेमध्ये ठेवल्या, एकीला टिचकी मारली आणि हाताने दाबून गप्प केली, तर दुसरी आपोआप हळूच गात राहते. वेगळ्या सुराची ठेवली तर ती ढिम्म. हिशेब खात्यालासुद्धा कळेल.

मी बेगम बाजारात गेलो. जाताना मोबाइलमध्ये आमच्या मधल्या वाटीचा सूर भरून घेतला, म्हणजे नमुना हाताशी. भांड्यांच्या एका दुकानात काशाच्या वाट्यांचा ढीग होता. मी मोबाइल कानाला लावून एकेक वाटी चमच्याने वाजवायला लागलो. मालक गल्ल्यावरून बराच वेळ बघत होता.

“साब, वाटी लेते की बजाते?”

“दोन्नो.”

“फुटेली नहीं है, सब अच्छी हैं.”

“मेरे को एक आवाज की दो होना. और एक बिलकुल अलग.”

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “सेट है साब, छे का. अलग कायकू? लोगां तो अलग निकली तो वापस लाते.”

“अलगच होना.”

“घर में कोई नाराज है क्या?”

आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबली. एक म्हातारी आपली खरेदी विसरून मला वाट्या वाजवून द्यायला लागली आणि तिचा कान माझ्यापेक्षा फार चांगला नव्हता, पण उत्साह होता. शेवटी दोन अशा मिळाल्या की मोबाइलच्या सुराशी अगदी एकजीव. तिसरी लांबची. मालकाने तिन्ही बांधून देताना सांगितलं, “साब, वापस नहीं होतीं ये.” घरी सुशीलाने पिशवीत डोकावून विचारलं, “बुद्धपौर्णिमेच्या खिरीला वाट्या कमी पडल्या तेव्हा सांगून सांगून थकले. आता आणल्या तर तीन. त्याही विजोड.” मी म्हटलं विज्ञानासाठी आहेत. ती म्हणाली, खीर कशासाठी असते?

समिती आली. वाट्यांचा प्रयोग रंगला. काशाची वाटी फार मोठ्याने गात नाही, म्हणून मी सगळ्यांना ट्रेजवळ कान आणायची विनंती केली. अध्यक्ष वाकले. कार्मिक विभागाच्या बाई वाकल्या. रावगारू, एवढे उंच, तेही वाकले. त्या वेळी दार उघडून कुणी आत आलं असतं तर त्याला वाटलं असतं कंपनीची पुनर्रचना चहाच्या ट्रेला विचारून चालली आहे. मी टिचकी मारली, दाबली. दुसरी वाटी बारीक गात राहिली. अध्यक्षांच्या मिशा हलल्या.

“म्हणजे एकसारखेपणा इथे अडचणीचा,” ते म्हणाले.

“ह्या घरात तरी, सर.”

मग आम्ही मोजणीच्या टेबलाकडे वळलो. पद्मावतीगारूंनी ठोकळा सुरू केला. मी ट्रे आवरला, वाट्या हातात होत्या, त्या जागा दिसली तिथे ठेवल्या, आणि भाषण करायला लागलो. भाषण चांगलं चाललं होतं. सूर वेगळे, अंतरं असमान, पाय मऊ, असं मी बोटांवर मोजत होतो, आणि अध्यक्ष माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते.

“ही हलते आहे,” ते म्हणाले.

मधली रेघ डुलत होती. थोडी, पण स्पष्ट.

भाषणाचं पुढचं बोट तसंच हवेत राहिलं. कार्मिक विभागाच्या बाईंनी पेन उघडलं. रावगारूंच्या तोंडून “चूद्दाम”सुद्धा निघालं नाही. पद्मावतीगारू पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या टेबलाकडे बघत होत्या. ठोकळा ज्या धातूच्या पाटीवर बसवला होता, त्याच पाटीवर कोपऱ्यात मी बेगम बाजारची एक वाटी ठेवली होती. मोबाइलमध्ये सूर भरून, म्हातारीच्या मदतीने, मधल्या वाटीशी एकजीव करून आणलेली.

त्यांनी ती उचलली आणि सरळ अध्यक्षांच्या हातात दिली.

रेघ हळूहळू शांत झाली. सरळ झाली. तशीच राहिली.

अध्यक्षांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग रेघेकडे. मग त्यांनी स्वतः वाटी पाटीवर ठेवली. थोड्या वेळाने रेघ डुलायला लागली. उचलली. थांबली. पुन्हा ठेवली. बाईंनाही करून बघायचं होतं. त्यांनी पेन मिटवून केलं. मग दूरच्या सुराची वाटी ठेवून पाहिली, रेघ ढिम्म. लहान मुलांना खेळणं मिळावं तसे ते दोघं बराच वेळ वाट्या ठेवत उचलत होते, आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो.

अध्यक्षांनी मला विचारलं, “हे तुम्ही मुद्दाम योजलं होतं?”

मी पद्मावतीगारूंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

“प्रात्यक्षिकाचा भाग होता, सर,” मी म्हणालो.

“उत्तम,” ते म्हणाले. मग दारापाशी थांबून, अर्धवट स्वतःशी, “बेंगळुरूची यंत्रंही वळणंच मोजतात. दोघांना एका पाटीवर ठेवावं की नाही, हा विचार करायला हवा.” हे वाक्य मीच त्यांना सुचवणार होतो. बरं झालं सुचवलं नाही. त्यांच्या तोंडी ते जास्त शोभलं.

ते गेल्यावर रावगारू माझ्याकडे वळले. “सोनकांबळेगारू, प्रात्यक्षिकाचा भाग?”

“हो सार.”

“पुढच्या वेळी आम्हालाही आधी सांगत जा. मला तेवढ्यात पेन्शनचे विचार येऊन गेले.”

आता ह्या धंद्याबद्दल एक खंत आहे ती सांगून टाकतो. आम्ही जे बनवायचो त्याचं यश म्हणजे पडद्यावर काहीही न घडणं. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. आम्ही दाखवायचं काय, तर न हललेली रेघ. माझ्या नातवंडांना मी एकदा ती दाखवली. त्यांनी थोडा वेळ बघून विचारलं, “आजोबा, हे सुरू कधी होणार?” पण त्या रेघेसाठी कुणी काय काय बाजूला काढलं, वेगळं केलं, मऊ केलं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती सरळ रेघ फार बोलकी वाटते.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत पद्मावतीगारूंनी टेबलावरच्या वस्तू इतक्या वेळा पुसल्या की ग्रॅनाइट झिजतं का, अशी शंका यावी. मग एका दुपारी रावगारू हातात कागद घेऊन आत आले आणि त्यांनी तो माझ्याकडे न देता पद्मावतीगारूंकडे दिला. विभाग जागच्या जागी राहणार, स्वतंत्र. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका कायम, ठिकाण हैदराबाद.

त्यांनी कागद वाचला. उलटवून मागची कोरी बाजूही वाचली. पुढे तोच कागद अर्जाला जोडून श्रीनिवासही इथेच राहिले, पण त्या दुपारी ते ठाऊक नव्हतं. त्या दुपारी त्यांनी फक्त खुर्चीत बसून घरी फोन लावला. पलीकडून श्रीनिवासचा आवाज येत होता, घाईघाईने, एकामागून एक प्रश्न. माझं तेलुगू बाजारापुरतं आहे, त्या घाईतलं मला काही कळलं नाही.

त्यांनी डोळे पुसले आणि त्या एकच शब्द बोलल्या. “इक्कडे.”

पलीकडून बहुधा पुन्हा तोच प्रश्न.

“इक्कडे,” त्या परत म्हणाल्या, जरा मोठ्याने, आणि टेबलावर बोट टेकवून दाखवलं, फोनमधल्या माणसाला दिसत असल्यासारखं. मला भाषांतर कुणी करून द्यावं लागलं नाही.